कासिनोचे कैलासवासी

माझे काका चांगले धडधाकट असताना मी त्यांना कैलासवासी केलं, तेही लेखी आणि इंग्रजीत.

काका दुसऱ्या महायुद्धात इटलीत मोन्ते कासिनोला लढले आणि पायात गोळी घेऊन दिघीला परतले. त्या लढाईला गेलेल्यांची आठवण म्हणून गावाने देवळासमोर एक दगड बसवला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला बैल बांधला. गावाची कृतज्ञता एवढीच! मी मात्र पिंपरीच्या कारखान्यातला शिकलेला कारकून आणि वर तिकिटं जमवणारा. पिंपरी कँपातल्या एका दुकानात मला इटलीचं पोस्टाचं तिकीट मिळालं, त्यावर कासिनोच्या डोंगरावरचा मठ. तिथल्या पडक्या भिंतींचं तिकीट निघतं आणि माझ्या काकांचं नाही, म्हणजे काय? (मठ काकांनी पाडला नव्हता, एवढं त्यांच्या बाजूने सांगून ठेवतो.)

मी थेट दिल्लीला अर्ज लिहायला घेतला. कुणीतरी म्हणालं, जिवंत माणसाचं तिकीट सहसा काढत नाहीत. एवढ्याशा कारणावरून माझा अर्ज अडावा, हे मला पटेना. मी काकांच्या नावाआधी 'लेट' लिहिलं आणि अर्ज गावच्या पोस्टमास्तरांच्या हाती दिला. ते नवे होते, काकांना ओळखत नव्हते आणि नियमाला पक्के होते. त्यांनी अर्ज वाचला, पुढे धाडला आणि त्या दिवसापासून काकांना आलेली पत्रं 'पत्तेदार मयत' असा शेरा मारून परत पाठवू लागले.

नेमकं तेव्हाच काकांच्या सुशीचं लग्न जमत होतं. मुलगी बघायचा कार्यक्रम चाकणला तिच्या मामांकडे झाला होता. काका तापाने घरीच पडलेले, त्यामुळे व्याह्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पसंती आली होती, तारखेचं पत्र तेवढं यायचं होतं. सुशी रोज पत्राचं विचारायची आणि मी पोस्टखात्यातल्या गाढवांवर तिला व्याख्यान द्यायचो.

एका रविवारी पत्राऐवजी व्याही आणि विहीणबाईच आल्या. विहीणबाईंनी उंबऱ्यातच तोंडाला पदर लावून हंबरडा फोडला. आमच्याकडे दुखवट्याला येणारा गेलेल्याचं नाव घेत नाही. काकूंना वाटलं, त्यांच्याकडचंच कुणी गेलं. मग त्याही रडू लागल्या. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या काकांनी व्याह्यांचा हात हातात घेतला. दोन्ही घरं मनापासून एकमेकांचं सांत्वन करत होती!

शेवटी व्याही म्हणाले, "आता वरीसभर लगीन थांबवू."

आत सुशीच्या हातून ताट पडलं.

"थांबू की," काका म्हणाले. "पण गेलं कोण, ते तरी सांगा."

"पोरीचा बाप गेला न्हवं?"

"पोरीचा बाप मीच हाय."

विहीणबाईंचं रडणं अर्ध्यावर थांबलं. व्याह्यांनी खिशातून परत आलेलं पाकीट काढलं. त्या क्षणी मागच्या दाराने पळून जायला हवं होतं. पण मी सगळ्यांसमोर उभा राहून तिकीट, कासिनो आणि देशाचा मान यावर सविस्तर बोललो. मधे कुणीही मला थांबवलं नाही.

व्याही उठले. जित्या माणसाला मारणाऱ्या घरात सोयरीक करायची की नाही, याचा विचार करावा लागेल म्हणाले. काका खाली मान घालून बसले. लढाईच्या गोष्टी सांगतानाही न भिजणारे त्यांचे डोळे भरले होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

काकू डोळे पुसून पुढे झाल्या. "बसा व्याही. ज्यानं लिवलं, तो पुतण्या आमाला आजपासून मेला."

व्याह्यांनी क्षणभर विचार केला. "मग सुतक?"

"ह्याचं कोण धरतंय!"

व्याही हसत खाली बसले आणि तारीख तिथल्या तिथे ठरली. लग्न त्याच महिन्यात झालं. माझ्या निधनाबद्दल एकानेही एक घास कमी खाल्ला नाही. मी स्वतः सात लाडू खाल्ले.