नऊ दिवस एका बैठकीत

समजा, तुम्ही ठरवलंत की रोज एक पान लिहायचं. वही आणलीत, खुर्ची ओढलीत, पहिलं वाक्य मनात जुळलंसुद्धा. तेवढ्यात फोन वाजतो. "भाऊ, लाईट कवय यी?" तुम्ही सांगता, अर्ध्या तासात. निसटलेलं वाक्य पुन्हा धरून आणता. पुन्हा फोन. आता गाव दुसरं, प्रश्न तोच. असे एका दुपारी चाळीस फोन घ्या आणि मग ते पान पुरं करून दाखवा.

चुडामण दोन महिने हेच करत होता. दोंडाईच्याकडच्या एका वीज उपकेंद्रावर तो ऑपरेटर. दर तासाला मीटरवरचे आकडे लॉगशीटमध्ये भरायचे, फीडर, म्हणजे गावांकडे जाणारी लाईन, बंद पडला की पुन्हा चालू करायचा आणि मधल्या वेळात लोकांचं ऐकून घ्यायचं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला, पण घरात त्याच्या आधी सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नव्हतं. वाचायचा नाद मात्र जबर. वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणायची, मोबाईलवर सतार लावून कविता वाचायच्या, हे त्याचं सुख.

वाचनालय चालवायचे रुपचंद नाना, पोस्टातून निवृत्त झालेले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांच्याकडे पंधरा-वीस माणसं जमायची, कुणी पुढच्या खुर्चीत बसून आपलं लिहिलेलं वाचायचं, कुणी पेटी काढायचं. चुडामणने एकदा धीर करून विचारलं, मी वाचू का? नानांनी सांगितलं, साठ दिवस न चुकता रोज एक पान लिही, वही आण, मग बघू. त्या खुर्चीत बसून आपलं काहीतरी वाचायचं, एवढंच आता त्याच्या डोक्यात होतं.

पण लिहायला लागल्यापासून त्याचं सुखच गेलं. पूर्वी कविता आवडली की तो डोळे मिटून बसायचा. आता आवडली की लगेच मनात यायचं, यावर आज काय लिहू? सतार ऐकतानाही तेच. जेवायला बसावं आणि कुणी ताटाचा हिशोब मागावा, तसं. एवढं करून पान उतरायचं ते असं : 'सकाळी उठलो. चहा घेतला. ड्युटीवर गेलो. वारा होता.' लॉगशीटच ती, नुसते आकडे नव्हते. स्वतःचाच राग यायचा त्याला.

त्यात मे महिन्याची वादळं आली. रोज फीडर पडू लागले. मग भूमिकाच्या, म्हणजे बायकोच्या, माहेरी सावद्याला जाणं झालं. शेवटच्या शनिवारी सकाळी वही उघडली तेव्हा नऊ पानं कोरी.

अशा वेळी काय करायचं हे ऑपरेटरला शिकवावं लागत नाही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सुकदेवभाऊ नावाच्या जुन्या माणसाने त्याला सांगून ठेवलं होतं : तास राहून गेले तर शेवटी बसून बठ्ठे, सगळेच्या सगळे, भरून टाकायचे, आकडा थोडा इकडेतिकडे करायचा आणि मधूनच पेन बदलायचं. चुडामणने दोन पेनं घेतली आणि जेवणाच्या आत नऊ दिवस भरले. हात असा सरसर चालला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

भूमिकाने कौतुकाने वही हातात घेतली. दोन पानं हसत वाचली आणि थांबली.

"मंगळवारी तुम्ही अंगणात बसून सतार ऐकत होतात?"

"हो, म्हणजे..."

"मंगळवारी आपण सावद्याला होतो. भावाचा केळीचा ट्रक चिखलात फसला, तुम्ही घड उतरवायला धावलात. शर्टाला चीक लागला तो अजून निघाला नाही. चार वेळा धुतला मी." तिने पान त्याच्यासमोर धरलं. "हाई बठ्ठं खोटं शे. ट्रक कुठाय यात?"

तो म्हणाला, उद्या नाना फक्त पानं मोजणार आहेत. ती म्हणाली, मग वहीला मीटर बसवून घ्या. आणि शर्ट उचलून पुन्हा साबण लावायला गेली.

दुपारभर तो तिच्यावर चिडला, मग नानांवर, मग साठ या आकड्यावर. संध्याकाळी त्याने वही पुढे ओढली. लॉगशीटमधली चूक खोडरबरने पुसत नाहीत. एक आडवी रेघ मारतात आणि शेजारी सही करतात. त्याने नऊही पानांवर रेघ मारली, नऊ सह्या केल्या.

रविवारी नानांनी वही चाळली. बाकीची पानं भरभर उलटली आणि रेघ मारलेली नऊ मात्र चष्मा वर-खाली करत वाचली.

"हे काय रे?"

चुडामणने सगळं सांगितलं. ट्रकचंही, चिकाचंही. नाना खो खो हसले.

"हे लिहिलं असतंस तर आज तुलाच बसवलं असतं," ते म्हणाले. "आता पुन्हा एकपासून मोज."

एकपासून? एक्कावन्न दिवस खरे होते, ते कुठे गेले? लोक जमत होते, पेटी निघाली होती. चुडामण मागच्या सतरंजीवर जाऊन बसला. खुर्चीतला माणूस काय वाचत होता ते त्याला ऐकूच येत नव्हतं. शेवटी सगळे उठल्यावर त्याने नानांना दारात गाठलं.

"नाना, एवढं सांगा. किती पानं कोरी राहिली म्हणजे सवय मोडली असं धरायचं?"