बर्गनमधला बाबांचा ईस्टर

बाबा परवा गेले.

नॉर्वेत राहिले असते तर वाचले असते, असं दादा म्हणतो. असेलही. तालुक्याच्या मालेगावहून अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आत इथे गावात सगळं संपलं होतं.

पण बाबा नॉर्वेत राहिले नाहीत. का राहिले नाहीत, ते सांगते.

आई गेल्यावर बाबा गावी, किन्हीराजाला एकटे पडले. मी वाशीमला नोकरीत अडकलेली. दादा नॉर्वेत, बर्गनला. समुद्रकाठचं जुनं शहर, रंगीत लाकडी घरं, फोटो बघितला की वाटतं कॅलेंडरच आहे.

मागच्या वर्षी ईस्टरची लांब सुट्टी आली तेव्हा दादाचा फोन आला.
"तुमी दोघं या. निवांत राहू. बाबाले करमलं तं येथंच ठेवून घेऊ."

मला पटलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, बीपीच्या गोळ्या, रिकामं घर. पटण्यासारखंच होतं.

बाबांना मात्र आम्ही फक्त "निवांत राहू" एवढंच सांगितलं.

तिकीट परतीचं निघालं ते चौदा एप्रिलच्या पुढचं. गावच्या विहारात जयंतीची सकाळची वंदना कित्येक वर्षं बाबाच घ्यायचे. त्यांचं तोंड उतरलं. पण पोराचं मन मोडायचं नाही म्हणून निघाले.

बर्गनला पोचलो तर पाऊस. दुसऱ्या दिवशी पाऊस. तिसऱ्या दिवशी तोच पाऊस.

आणि रस्त्यावर कुत्रं नाही.

"काहून रे बाबू, गावात कोनी मेलं काय?"
"नाही बाबा. सुट्ट्या हायत. सारे आपापल्या डोंगरावरच्या घरात गेले."
"मंग आपल्याले काहून बोलावलं?"



दुकानं बंद. तिथे ईस्टरला संत्री खातात म्हणून दादाने कौतुकाने पिशवीभर संत्री आणून ठेवलेली. बाबांनी एक सोलून खाल्लं. म्हणाले, "हे तं आपल्या इकडं बी भेटते."
त्या सुट्टीत लोक टीव्हीवर खुनाच्या गोष्टी बघतात, हेही दादाने सांगितलं. "सनासुदीले?" बाबांनी विचारलं आणि टीव्हीकडे पाठ केली.

घराचं दार आपोआप लॉक व्हायचं. कोड बाबांच्या लक्षात राहीना. एकदा पावसात बाहेरच अडकले, भिजले. त्यानंतर त्यांनी खिडकी धरली.

दिवसभर खिडकीत बसून राहायचे. मध्येच मला हाक मारायचे.
"बाई, लवकर ये. मानूस चाल्ला."

मी जायचे. खरंच एक माणूस छत्री घेऊन चाललेला असायचा. आम्ही दोघं तो वळेपर्यंत बघायचो. हसू यायचं. तीन खोल्या, गरम पाणी, गुबगुबीत गादी, आणि कुठेच जाता येत नव्हतं.

चौदा एप्रिलला पहाटेच उठून बाबांनी अंघोळ केली. पांढरा शर्ट घातला. सोबत आणलेला बाबासाहेबांचा फोटो टेबलावर ठेवला, मेणबत्त्या लावल्या, आणि गावच्या सवयीने अगरबत्त्यांचा अख्खा जुडगाच पेटवला.

पंचशील अर्धं झालं आणि भोंगा सुरू झाला.

नुसता आमच्या घरात नाही. त्या जुन्या लाकडी घरांत आगीचा इतका धसका की एकाचा अलार्म वाजला की सगळ्या बिल्डिंगचा वाजतो. आम्ही चपला न घालता खाली. फायर ब्रिगेडची गाडी हजर. दादा हात जोडून सॉरी सॉरी म्हणतोय.

आणि बाबा खूश.
"पाय बाई, हायत की मानसं येथं."

जे चार-पाच जण उरले होते त्या सगळ्यांना बाबांनी "जय भीम" केला. खालच्या मजल्यावरची एक म्हातारी बाई मांजर छातीशी धरून उभी होती. बाबांनी मला दुभाषी केलं.
"इले विचार, घरी कोन कोन हाय?"
एकटीच आहे, ती म्हणाली. मुलगा दुसऱ्या शहरात. नाताळात येतो.

बाबांनी मांजराच्या पाठीवरून हात फिरवला.

जेवताना म्हणाले, "बाबू, लय चांगलं घर हाय तुयं. पन मले येथं ठेवू नको. त्या बाईसारखं होईन मायं. भोंगा वाजला तरच मी लोकायले दिसीन."

म्हणजे त्यांना सगळं कळलेलं होतं.

दादा चिडला. "गावात तरी कोन हाय आता तुमचं?"
"हाक मारली तं ओ देनारे हायत."

दादा जेवण टाकून उठला.  मग आल्या दिवसापासून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला बाबांचा पासपोर्ट आणून त्याने ताटाशेजारी ठेवला.

या वर्षीची वंदना बाबांनी विहारातच घेतली.

परवा सकाळी वावरातून आले, शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसले, पाणी मागितलं, आणि तिथेच आडवे झाले. काकूंनी डोकं मांडीवर घेतलं. पाच मिनिटांत अंगण भरलं.

दादा काल पोचला. गर्दी इतकी की गाडी रस्त्यावरच सोडावी लागली. बॅग घेऊन माणसांतून वाट काढत आला. दारात पाणी देणाऱ्या बाईने त्याला अडवलं.
"थांबा जरा. कोनाचे पाहुने तुमी?"

मी आतून ओरडले, "अवं, बाबाचा पोरगा हाय तो."
तेव्हा कुठे त्याला वाट मिळाली.

घरात चूल पेटलेली नाही. घराघरांतून डबे येताहेत. दादा प्रत्येक वेळी मला हळूच विचारतो, हे कोण? मी नाव सांगते.

त्याचं परतीचं तिकीट रविवारचं आहे.

आज सकाळी मी त्याला विचारलं, "तिकडं तुले काई झालं तं रे?"


बाबा, तुम्ही सुटलात. तुमची काळजी संपली. मला त्याची आजपासून सुरू झाली.

भावपूर्ण जय भीम, बाबा.