नणंदबाईंचा नायट्रोजनचा कॅन

सगळं जग जमिनीच्या वर राहतं, आमच्या नणंदबाई, म्हणजे ताई, तेवढ्या जमिनीच्या खाली राहतात. म्हणजे देह आमच्यातच, सेनगाव तालुक्यातल्या आमच्या घरी, पण जीव सगळा सोयाबीनच्या मुळांत. माणूस भेटला की लोक तब्येत विचारतात, या त्याच्या रानात काय उभं आहे ते विचारतात. सोयाबीन, तूर, हरभरा असं काही असलं की संपलंच. पर्समधून खुरपं निघतं (हो, पर्समधून! आरसा नाही, पावडर नाही, खुरपं!), रोप मुळासकट वर येतं, आणि मुळांवरच्या बारक्या गाठी नखाने फोडून बाई ओरडतात, "गुलाबी हाय बघा, गुलाबी!" मालक बांधावरून शिव्या घालत पळत येतो, तर त्यालाच दंडाला धरून सांगायला लागतात, की बाबा, या गाठींत जिवाणू बसलेत आणि हवेतला नायट्रोजन पकडून तुझ्या पिकाला फुकट खाऊ घालून राहिलेत. शिव्या द्यायला आलेला माणूस थोड्या वेळाने दुसरं रोप स्वतःच उपटून हातात देतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

एकदा त्यांच्यासाठी कळमनुरीकडचं चांगलं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर पक्कं, माणसं सालस. मुलाचं घर बघायला मोठी माणसं निघाली तर बाई म्हणाल्या, मीपण येते. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, पण ऐकतंय कोण! तिथे चहा यायच्या आत त्या परसातल्या हरभऱ्यात उतरल्या आणि मुठीत रोप घेऊन बैठकीत आल्या. "गाठी हायेत, पण आतून हिरवट. कामाच्या न्हाईत. तुमी युरिया फार टाकता का?" नवऱ्या मुलाच्या बापाने आयुष्यात पहिल्यांदाच कुणा मुलीकडून असा प्रश्न ऐकला असेल. स्थळ तिथेच मोडलं. परतताना जीपमध्ये सगळे स्थळासाठी हळहळताहेत, आणि या आपल्या रानासाठी, "चांगलं रान हाय हो, उगाच बिघडवून राहिलेत."

सेनगावच्या कॉलेजात शिकवता शिकवता त्यांनी विद्यापीठात पीएचडीचं नाव घातलं होतं. विषय मला पहिल्यांदा समजला तो भाकरी थापताना, कारण त्यांना कुठलीही गोष्ट सांगायला माझी भाकरीचीच वेळ सापडते. "वहिनी, तुला काय वाटतं, जिवाणू मुळात घुसतो? न्हाई! मूळ आधी मातीत निरोप सोडतं. जिवाणू उलटा निरोप धाडतो. मग मुळाचा केस त्याच्याभोवती अस्सा वळतो," इथे त्यांनी माझं पिठाचं बोट वळवून दाखवलं, "आणि त्याच घडीला मुळातले निजलेले जीन एकामागून एक जागे होतात! अजून गाठ न्हाई, काहीच न्हाई, वरून बघशील तर नुसतं पांढरं मूळ. आणि आत हा गोंधळ! पहिला कोण जागा होतो, तेच मला धरायचंय!" डोळे असे चमकत होते, की मी वसमतची, दहावीला विज्ञानात कशीबशी पास झालेली बाई, मलाही धडधडायला लागलं. भाकरी अर्थातच करपली.

माझ्या लेकाचं बारसं त्यांनीच गाजवलं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं. बुद्धवंदना झाली, पाळणा सजला, बायका गाणी म्हणून थकल्या, पण आत्याचा पत्ता नाही. मुळांना जिवाणू पाजून ठराविक तासांनी ती कापावी लागतात, आणि तो तास नेमका तेव्हाच भरला होता. शेवटी मळ्यातल्या शेडमधून चिखलाच्या हातांनी पळत आल्या, पाळण्यात वाकल्या आणि बाळाच्या कानात एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की दारातल्या पाहुण्यांनाही ऐकू गेलं, "वळलं रे राजा, केस वळला!" नाव नंतर सांगितलं. सासूबाई आठवडाभर बोलत नव्हत्या.

पण या सगळ्या हसण्यात एक काळजी होती, आणि ती घरात सगळ्यांना माहीत होती. मुळात कुठला जीन जागा झाला हे कळायला मूळ त्याच क्षणी गोठवावं लागतं. बाहेर राहिलं की आतल्या खुणा मिनिटांत नासतात. एका हंगामात त्यांनी बर्फाच्या पेटीतून नमुने नेले, तर वारंगा फाट्यावर एसटी बंद पडली आणि पेटीत नुसतं पाणी राहिलं. पुढच्या हंगामात फ्रीजर आणला, तर लाईट गेली ती गेलीच. आता त्यांचे मार्गदर्शक निवृत्त होणार होते. त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं, की या हंगामात नमुने आले तर ठीक, नाहीतर विषय बंद. त्या दिवशी ताई रानात गेल्या नाहीत. हे मला सगळ्यात वाईट लक्षण वाटलं.

मग त्यांनाच सुचलं. जनावरांच्या दवाखान्यात गाई भरवण्यासाठी वळूचं वीर्य बारीक कांड्यांत ठेवतात ना, ते द्रवरूप नायट्रोजनमध्येच ठेवतात. हवेतला नायट्रोजन पकडणारं मूळ नायट्रोजनमध्येच गोठवायचं! डॉक्टर भला माणूस, एक जादा छोटा कॅन त्याने भरून दिला. ताईंनी सकाळपासून मुळं कापून, नळ्यांत भरून आत सोडली आणि धूर निघणारा कॅन अंगणात आणून त्या हिंगोलीच्या जीपची वाट बघत बसल्या.

आता तो कॅन आमच्या गावात कुणाला ओळखू येत नाही? थोड्याच वेळात दारात गाई. माजावर आलेली एक, न आलेल्या दोन, आणि एक म्हैस. शेजारचे किसनमामा सगळ्यात पुढे.

"ताई, लाल कंधारी वळूचं हाय का देवणीचं?"

"सोयाबीनचं हाय, मामा."

मामांनी गाईकडे बघितलं, कॅनकडे बघितलं. "सोयाबीनचं? मंग वासरू कसलं होईन?"

मी हसून हसून ओट्यावर बसले. तेवढ्यात मागे मोठा कॅन बांधलेली डॉक्टरांची मोटारसायकल आली, आणि त्यांचा चेहरा बघून हसू विरलं. त्यांच्या मोठ्या कॅनची मान तडकली होती, नायट्रोजन उडून चालला होता. आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या कांड्या त्यात. हिंगोलीहून दुसरा कॅन येईपर्यंत टिकणार नव्हत्या. "ताई, सांगायला जीभ रेटंना. पन ह्यो कॅन लागतो."

किसनमामा गाईचं दावं हातात घेऊन खाली बघत उभे. आमच्या या बाईंनी झाकण उचलून आत बघितलं. कॅनचं तोंड बारीक, आत जागा मोजकीच. मला वाटलं, नाही म्हणा हो ताई, एकदा तरी आपलं बघा! पण त्यांनी हातमोजे चढवले.

"अर्ध्या काढते. तुमचे बैल टाका आत."

"कोणच्या अर्ध्या?" मी विचारलं.

"गुलाबी झालेल्या. ते निदान डोळ्यांनी दिसतं वहिनी. पहिली जाग दिसत न्हाई, ती ऱ्हाऊ दे."

काढलेल्या नळ्या त्यांनी ताटलीत ठेवल्या. नळ्यांवरचं पांढरं हळूहळू गेलं, पाणी सुटलं. ताई बघत राहिल्या. मी पाठीवर हात ठेवला तर त्यांनी ताटली उचलून माझ्या हातात दिली. डॉक्टरांनी मामांच्या गाईचं काम तेवढ्यात उरकून घेतलं, जीप आली आणि तेही ताईंबरोबर तिच्यात बसले. लाल कंधारी, देवणी आणि सोयाबीन एकाच कॅनमध्ये हिंगोलीला निघाले. तिथे डॉक्टरांना दुसरा कॅन मिळाला, आणि आपला कॅन मांडीवर घेऊन ताई एकट्या विद्यापीठाच्या एसटीत बसल्या.

काही आठवड्यांनी फोन आला. आधी नुसता आरडाओरडा. मला वाटलं, अपघात झाला की काय! "सापडला वहिनी! पहिला जागा होणारा सापडला! केस वळायच्या आधीच चालू झाला, आधीच!" मी चपला न घालता अंगणात पळाले आणि किसनमामांना सांगितलं. मामांना काही कळलं नाही, पण त्यांनी पेढे आणले. गावभर वाटले.

पीएचडी झाली, आणि उरलेलं अर्धं शोधायला ताईंना दूरच्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने बोलावून घेतलं. आम्हीच हिंगोलीच्या गाडीत बसवून आलो. इतकी वर्षं मी हात जोडत होते, की या बाईचं एकदा मार्गी लागू दे, म्हणजे माझ्या भाकऱ्या तरी वाचतील. आता भाकऱ्या वाचतात. मला त्यात काही गोडी वाटत नाही.

परवा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "वहिनी, इथं नायट्रोजन हवा तेवढा मिळतो. चावी फिरवली की कॅन भरला. कुणाला मागायचं काम न्हाई."

"मग बरंय की ताई."

"बरं हाय ना." मग म्हणाल्या, "पन वहिनी, इथं दारात गाय घेऊन कोणीच येत न्हाई गं."

मी म्हटलं, सुट्टी काढा आणि या. त्या व्हय म्हणाल्या, पण सुट्टी कधी मिळेल ते काही बोलल्या नाहीत.