लेव्हल पाईप

माझा थोरला भाऊ गावाकडं, धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी-ईट भागात घरं बांधून देतो. मी पुण्यात श्वासाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट सांभाळते. दोघांचं काम एकच, असं वडील गावभर सांगायचे. फक्त हिचं दिसत नाही, असं वर जोडायचे.

दिसणार कसं? आमच्याकडं साधा रबरी वायसर बदलायचा तरी कारण लिहावं लागतं, तपासण्या पुन्हा होतात आणि नाही म्हणायचा हक्क असलेली माणसं खुशाल नाही म्हणतात. भावाला स्लॅब टाकून झाल्यावर जिना आठवतो. मग भिंत फोडायची, जिना बसवायचा, वरून गिलावा मारायचा. गिलाव्याखाली त्याची निम्मी अक्कल झाकलेली आहे. घरमालक मात्र खूश, कारण ऐनवेळी हवं ते बदलून देणारा माणूस त्यांना देवमाणूस वाटतो.

वडिलांची फुप्फुसं थकली, डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. भावानं हौसेनं नवी खोली बांधली. मध्येच संडास आत घ्यायचं ठरलं, त्यामुळं खोली इतकी अरुंद झाली की खाट आडवी बसेना. मशीनचा प्लग काढला उत्तरेच्या भिंतीला. नळी पुरायची तर उशी उत्तरेला येत होती, आणि उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय आपल्याकडं प्रेताचे करतात. मग भावानं खाट फिरवली आणि कमी पडलेल्या नळीला लेव्हल पाईपचा तुकडा जोडला. गवंडी पाणी भरून भिंतीची पातळी बघतात, तोच पाईप. जोडाला सुतळी आणि चिकटपट्टी.

मी पोचले तेव्हा वडिलांची नखं निळी पडली होती. जोडातून हवा फुसफुसत बाहेर जात होती आणि पाईपात सिमेंटचं पाणी वाळलं होतं.

"हे कुणाला विचारून केलंस?"

"इचारायचं काय त्यात?" भाऊ म्हणाला. "तुमच्यात एक नळी बदलाया वरीस जातंय. म्या चहा उकळायच्या आत बदलली."

"तुझं चुकलं तर भिंतीला तडा जातो, गाढवा. इथं बाप जाईल."

त्याच्या एक कानाखाली ठेवून द्यावीशी वाटली. चांगली नळी दुसऱ्या दिवशी धाराशिवहून येणार होती आणि मशीनच उशीकडं सरकवावं तर एक्स्टेन्शनची वायर तापून हाताला चटका देत होती. मी तो तुकडा उपटून फेकला, वहिनीला खाट धरायला लावली आणि उशी उत्तरेला केली. वडील मानेनं नको नको म्हणत होते. मी ऐकलं नाही.

हळूहळू नखांचा रंग परतला. तोवर भाऊबंद दारात जमले होते. वडिलांनी त्यांच्याकडं बघत एकेक शब्द तोडत सांगितलं, "पोरानं खोली बांधली. हिनं मला तिथं तिरडीवर निजवलं."

वहिनीनं डोळ्याला पदर लावला. एवढं बोलायला लागणारा दम त्यांना मीच मिळवून दिला होता.