हौशीरामांची पेटी आणि अंगणातला खड्डा

मंचरला हौशीराम बाणखेल्यांची बटाट्याची आडत होती, पण जीव अडकलेला घरातल्या भारी अँप्लिफायरमध्ये. २००४च्या उन्हाळ्यात गाण्यामागून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. वीजच खराब, असं ठरवून त्यांनी पुण्याहून पॉवर कंडिशनर आणला. वीज गाळून देणारी चांगली जड पेटी! तरी घूं काही जाईना.

आणि आज आणे गावाहून म्हातारे पखवाजवादक रखमाजी येणार होते. हात थरथरू लागल्यापासून त्यांचा पखवाज सुटला होता. हौशीरामांनी पूर्वी केलेलं त्यांचं रेकॉर्डिंग त्यांना ऐकायचं होतं.

हौशीरामांनी पेटीचं पुस्तक पुन्हा उघडलं. "अर्थिंग चांगलं पायजे म्हनं. आपलं हाय की! अंगणातल्या खड्ड्यात तार पुरून कोळसा, मीठ, समदं घातलंय."

"आन् पाणी?" त्यांच्या बायकोनं, इंद्रायणीबाईंनी, भाजी धुता धुता विचारलं. "मी रोज भांड्यांचं पाणी तिथंच वतायची. चिखल व्हतो म्हणून तुमीच बंद केलंत. कोरड्या मातीत कसलं आलंय अर्थिंग?"

हौशीराम पुस्तक मिटून उठले. बादली घेऊन निघाले.

"एकीनं काय व्हतंय? चार वता!" आतून आवाज आला.

दुपारी रखमाजी आले. पखवाजाची थाप स्वच्छ घुमली, मागं घूं नाही की काही नाही. म्हाताऱ्याची बोटं मांडीवर आपोआप चालू लागली.

"लई साफ वाजवत व्हतो राव मी!"

हौशीरामांनी हसून आवाज आणखी वाढवला. त्यांच्या पायांचा चिखल फरशीभर उमटला होता, पण आज त्याची त्यांना फिकीर नव्हती.