टपरी जागेवर, शाळेचं गेट मागे

आज सोमवार, सकाळचे दहा. धाकट्या बहिणीला, स्वातीला, शाळेत सोडायला गेलो, तर पुढच्या गेटाला कुलूप.

मित्रांनो, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा नियम सर्वांना माहीत आहे. आमच्या गेटासमोरच सरपंचांच्या मेव्हण्याची टपरी. तक्रार झाल्यावर ग्रामपंचायतीनं टेप धरून गेटापासून अंतर मोजलं. ते कमी भरलं. मग या शहाण्यांनी गेटच बंद केलं आणि मागची भिंत फोडून नवं बसवलं. हार घातला, नारळ फोडला. आता टपरी नियमात बसते!

मागचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा. कडेला पाय ठेवायला जागा नाही.

टपरीवरच सरपंच भेटले. विचारलं, "आप्पा, हलवायची टपरी होती ना?"

"आरं, तिथं गिऱ्हाईक बसलंय. पोरं काय, कुठनंबी आत जात्यात," तंबाखू मळत आप्पा म्हणाले.

स्वातीनं माझा हात घट्ट धरला. "दादा, उद्याबी मागनंच जायचं?"

उद्यापासून माझी कंपनीत फर्स्ट शिफ्ट आहे. ती एकटीच जाणार.

तुमच्या गावात नियम पाळायचा झाला की काय हलवतात? टपरी की शाळा?