निरोपानंतरचे पाच दिवस

माझा निरोप समारंभ झाला आणि त्यानंतरही पाच दिवस मी संग्रहालयात जात राहिले. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, "आता भरपूर अभ्यास करा" असं सगळ्यांचं म्हणून झालं, दारावरची माझ्या नावाची पाटीही निघाली. पण चार्ज देणं संपलं नव्हतं. एकेक वस्तू रजिस्टरशी ताडून नव्या प्रमुखांच्या हवाली केल्याशिवाय कार्यमुक्तीचं पत्र नाही, आणि त्या पत्राशिवाय पीएच.डी.ला प्रवेश नाही. प्रवेशाची शेवटची तारीख शुक्रवारची होती.

सोमवारी एक मणी कमी भरला.

लाल अकीकाचा, तुरीच्या दाण्याएवढा. उत्खननातल्या बेचाळीस मण्यांपैकी एक. खरं तर या मण्यांपायीच मी खुर्ची सोडत होते. बघायला आलेल्या एका बाईंनी एकदा विचारलं होतं, एवढ्याशा दगडाला लोहयुगात भोक कसं पाडलं असेल? मी काचेवरची पाटीच त्यांना वाचून दाखवली. पाटी मीच लिहिलेली, आणि त्यात उत्तर नव्हतं. एकोणीस वर्षं रजेच्या अर्जांवर सह्या करण्यात मी हुशार झाले होते, बाकी कशात नाही.

मग शोधाशोध सुरू झाली. कापूस उडू नये म्हणून कूलर बंद करून, घामाघूम होत, मण्यांच्या डबीतला कापूस पिंजून पाहिला. रोज गॅलऱ्या पुसणाऱ्या बाईंनी कोपऱ्यांतला केर चाळणीनं चाळला. नवे प्रमुख घाईत होते. "हरवला असं लिहून टाकू, मॅडम," ते म्हणाले.

"हरवला लिहायला तो काय छत्री आहे?" मी म्हटलं. 'गहाळ' लिहिलं की चौकशी लागणार, आणि चौकशी लागली की माझा प्रवेश गेला.

बाकीचे लोक मला चुकवत होते. निरोप दिलेलं माणूस पुन्हा समोर आलं की त्याच्याशी बोलायचं काय? माझ्या जुन्या खोलीत दुसरं कुणी बसलेलं, म्हणून मी भांडारात स्टुलावर बसून डबा खायची. तसं एकटीनं जेवणं मला नवं नव्हतं. साहेबानं चारचौघांत बसून जेवलं की शिस्त जाते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. मणी सापडत नाही हे सांगायला घरीही कुणी नव्हतं. फार एकटं वाटलं त्या दिवसांत. माझ्या जाण्यानं इथं कुणाचं काही अडणार नाही, हे मी मनाशी धरून चालले होते.

गुरुवारी दुपारी नवे प्रमुख जेवायला गेले. गॅलऱ्या पुसणाऱ्या बाई भांडारात आल्या, दार लोटलं, पदराची गाठ सोडली आणि मणी माझ्यापुढं ठेवला.

"म्याच ठेवला होता, मॅडम. माफ करा जी."

मी भडकले. "नोकरी जाईल तुमची, कळतं का? काय म्हणून केलंत हे?"

त्यांनी मान वर केली नाही. "मोजणी झाली का तुमी चालल्या. मणी भेटला नाही तं अजून चार दिवस राहान, म्हटलं."

"राहून मी करणार काय होते इथं?"

"काही नाही जी. तुमी सकाळी आल्या का मले बरं वाटते."

मला रडू आवरेना. समारंभात सगळ्यांनी हसतमुखानं 'या' म्हटलं होतं. 'थांबा' म्हणणारं एकच माणूस निघालं, आणि तेही चोरी करून. मला थांबता येत नव्हतं आणि थांबायचंही नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. त्या नुसतं "हो जी" म्हणाल्या.

मणी कापसात अडकला होता, असं मी प्रमुखांना सांगितलं. रजिस्टरवर बेचाळीस लिहून सही केली. शुक्रवारी दुपारपर्यंत पत्र हातात पडलं, प्रवेशाचं काम फोनवरच झालं. संध्याकाळी निघताना बाई फाटकाशी दिसल्या. मी गाडी थांबवली.

"बसा, घरी सोडते. राहता कुठं तुम्ही?"

"लकडगंजात जी," त्या म्हणाल्या. "आमच्या बसच्या थांब्यावरूनच तं जाते तुमची गाडी, रोज सकाळी."